तुडुमात सोडलेलं यंत्र

"पाण्याखालचा यंत्रमानव" हे नाव मुख्याध्यापकांचं. त्याला ना हात ना पाय, नुसता तेलाचा डबा. पण तो आम्ही दोघांनी कशासाठी केला हे त्यांनी एकदाही विचारलं नाही, आणि त्याचा राग माझ्या डोक्यातून आजही जात नाही.

आम्ही अकरावीत होतो. दिघोरीकडच्या आमच्या गावात धानाला पाणी सोडायचं, तर कुणीतरी तलावात बुडी मारून तुडुमाचं, म्हणजे तळाच्या मोरीचं, लाकडी बूच उपटायचं. हे काम माझ्या दोस्ताच्या घरचं, असं गावानं परस्पर ठरवून टाकलेलं. आदल्या साली पाण्याच्या ओढीनं त्याच्या बापाचा हात मोरीत अडकला. बाहेर काढलं तेव्हा तो शुद्धीवर नव्हता.

दोस्त म्हणाला, "आता बाबाले उतरू नाही देत. आपून यंत्र बनवू."

जीपच्या वायपरची मोटर, पत्र्याचा पंखा, पुढं लोखंडी आकडा. आकड्यानं बुचाची कडी धरायची आणि आम्ही पारीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, दोर ओढायचा. आधी डब्यात पाणी शिरलं, म्हणून डांबर फासलं. मग तो बुडेचना, म्हणून खाली विटा बांधल्या. शाळेच्या हौदात त्यानं कडी पकडली तेव्हा आम्ही वेड्यासारखे नाचलो.

झालं, मुख्याध्यापकांना चेव चढला. तलावाच्या पारीवर मंडप, लाउडस्पीकर, तालुक्याचे पाहुणे. पाहुण्यांनी नारळ फोडला, डब्याला कुंकू लावलं आणि झेंडूचा जाडजूड हार घातला. दोस्त हार काढायला वाकला, तर मुख्याध्यापक खेकसले, "काहून काढतो रे? पाहुण्यायचा अपमान करून राहिला का?"

"सर, दोरा पंख्यात जाईन," मी म्हणालो.

"शुभ काम आहे. गप्प बस."

यंत्र हारासकट पाण्यात गेलं. थोडं पुढं सरकलं, घुरघुरलं आणि बंद पडलं. दोर ओढला तर तो तुडुमाच्या दगडांत फसलेला. एवढी अक्कल पाजळूनही मुख्याध्यापकांचा चेहरा जरासुद्धा उतरला नाही. त्यांनी सरळ गर्दीत उभ्या असलेल्या दोस्ताच्या बापाला हाक मारली, "जाय रे, काढून आण. पाहुणे खोळंबले."

दोस्तानं बापाचा हात घट्ट धरला. बापानं तो सोडवून घेतला आणि धोतर खोचून उतरला.

बराच वेळ पाणी हललं नाही. मग तो डबा घेऊन वर आला आणि पारीवर ओणवा होऊन खोकत राहिला. पाहुणे लाउडस्पीकरवरून म्हणाले, "यंत्रं कितीही येऊ द्या, आपल्या माणसाची सर नाही!" लोकांनी टाळ्या पिटल्या. बिनडोक कुठले!

दोस्त थेट मुख्याध्यापकांसमोर जाऊन ओरडला, "पुढच्या साली तुम्ही उतरा, सर!"

टाळ्या थांबल्या. मुख्याध्यापक काही बोलायच्या आतच बाप खोकत खोकत उठला. त्याच्या अंगावरून पाणी गळत होतं.

"असं बोलू नाही, बाबू," तो म्हणाला. "सरायची माफी माग."

आणि दोस्तानं माफी मागितली.