रशीद सर आणि एका कॉर्डची पाच घरे

सात वर्षांपूर्वी निवृत्त होऊन मी पांढरकवड्याला परतले आणि गिटार घेऊन गावच्या सभागृहाच्या एका खोलीत भरणाऱ्या रशीद सरांच्या रविवारच्या वर्गात गेले. लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी प्रार्थनेच्या साथीपुरते चार कॉर्ड शिकवले होते. त्या भरवशावर मी ऐटीत त्यातला सी वाजवला.

"छान हाय, ताई. आता हाच सी आठव्या फ्रेटवर दाखवा."

गिटारच्या मानेवरच्या आठव्या पट्टीपाशी मला तो धरता येईना.

"म्हंजे तुमाले सीचं एकच घर माहीत हाय. पाच हायेत. बसा."

सर मोटार वाइंडिंगचे कारागीर. पंचाहत्तरीतही दुकान स्वतः चालवतात. कॉर्डचे सूर एकत्र न छेडता एकेक वाजवणे म्हणजे अर्पेजिओ. गिटारच्या मानेवर त्याचे पाच आकार, एकाला लागून दुसरा. ते सलग जोडता आल्याशिवाय सर गाणे शिकवत नाहीत. मला जागा लक्षात राहीनात, म्हणून मी फ्रेटवर लाल टिकल्या चिकटवून नेल्या. सरांनी एकेक नखाने काढली. "गिटारले हळदीकुंकू काहून लावलं?" वर्ग हसला, मीही हसले.

पुढे संधिवाताने माझे एक बोट आखडले. मी गिटार आवरून ठेवली, तेव्हा सर घरी आले. वाइंडिंगच्या पिवळ्या कागदावर त्यांनी तीन बोटांनी जमतील असे पाचही आकार काढून आणले होते.

सरांच्या सत्कारानिमित्त निघणाऱ्या अंकासाठी हा लेख मागताना गौरव समितीने "प्रसन्न लिहा" असे सुचवले. ते मला जमणार नाही. ज्यांनी हा सत्कार ठरवला, सभागृहाच्या त्याच विश्वस्तांनी समारंभानंतर सरांचा वर्ग बंद करून ती खोली दुसऱ्या क्लासला द्यायचे ठरवले आहे. कारण विचारले, तर एक विश्वस्त मला म्हणाले, "वहिनी, गॅदरिंगले एक सिनेमाचं गाणं बसवा म्हटलं, तर नाही म्हणे. वर्षभर नुसती टुणटुण."

टुणटुण? शाळेच्या कार्यक्रमात गाणाऱ्या मुलीने घाबरून सूर चढा लावला, तेव्हा साथीला आमच्या वर्गातली वैष्णवी होती. पाचही आकार तिच्या हातात बसलेले. तिने तेच आकार मानेवर सरकवून चढ्या सुरात धरले आणि गाणे सावरले. हेच विश्वस्त पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते. कशासाठी वाजवल्या, हे त्यांना आजही ठाऊक नाही.

सर रागावले नाहीत. "जाऊ द्या ताई, दुकानात बसू." दुकानात दोन स्टुले मावतात. आम्ही विद्यार्थी अकरा आहोत.

सरांना शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य लाभो, त्यांचे हात असेच चालते राहोत, ही आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा. विश्वस्तांनाही एक सांगते. शनिवारी आपण सरांच्या खांद्यावर शाल घालाल. रविवारी सकाळी नऊला आम्ही अकराही जण गिटार घेऊन येऊ. खोलीला कुलूप असेल तर सभागृहाच्या पायऱ्यांवर बसू आणि पहिल्या आकारापासून सुरुवात करू. गाणे वाजवणार नाही.