वॉकरच्या मुठी

आमचं सेवा मंडळ आजाऱ्यांना वॉकर वापरायला देतं. परत आला की तो पुसायचा आणि त्यावरचं मंडळाचं नाव पुन्हा ठळक रंगवायचं, ही आमची जुनी रीत. काल सभेत नेहमीचाच वाद चालला होता, मंडळात नवी माणसं का येत नाहीत? तेवढ्यात एक बाई वॉकर परत द्यायला आल्या. सासूबाई आता काठीवर चालतात, म्हणाल्या. वॉकरच्या दोन्ही मुठींवर त्यांनी जुन्या साडीचं कापड बारीक टाक्यांनी शिवलं होतं.

मी सवयीने ते काढायला कात्री शोधून आणली.

"राहू द्या ना," त्या संकोचून म्हणाल्या. "त्यांच्या हाताला टोचायचं. पुढच्यालाही टोचेल."

इतकी वर्षं मी वॉकर पुसतोय, पण मूठ धरून कधी पाहिलीच नव्हती. धरली. कापड उजवीकडे जास्त झिजलं होतं, त्या बाजूला कुणीतरी रोज भार टाकून उठलं होतं. आम्ही मात्र नावच रंगवत बसलो.

कोपऱ्यातल्या बाकीच्या वॉकरांकडे बघत त्यांनी विचारलं, "यांनाही शिवून देऊ का?"

हातातली कात्री मी त्यांच्यापुढे धरली आणि बसायला माझी खुर्ची दिली.