दोन गाड्यांच्या मधलं आभाळ

पुनमचं घर मुदखेड जंक्शनला अगदी लागून आहे. यार्डाच्या दिव्यांचा गच्चीवर इतका उजेड पडतो की पेपर वाचावा. अशा गच्चीवरून ही झेडपी शाळेतली मॅडम ताऱ्यांमधल्या तेजोमेघांचे फोटो काढणार म्हटल्यावर नांदेडचे आकाशाच्या फोटोंतले एक जाणकार हसले. "किनवटच्या जंगलात जा," म्हणाले.

"रातभर जंगलात कोण जाऊ देतंय मला? माझं आभाळ हितंच हाय," पुनम म्हणाली.

तिनं कॅमेऱ्याला एक फिल्टर लावला. तो तेजोमेघातल्या हायड्रोजनचा तेवढा लाल उजेड आत सोडतो, यार्डाचे दिवे बाहेर ठेवतो. दिव्यांचं भागलं, पण गाडी आली की गच्ची थरथरायची आणि पाच मिनिटं कॅमेरा उघडा ठेवून घेतलेला फोटो वाया जायचा; असे कितीतरी फोटो एकत्र केले की एक चित्र उमटतं. त्यात मालगाडीला ना वेळ ना काळ.

मग सासरे, वैजनाथ, गच्चीवर येऊन बसू लागले. रेल्वेत तीस वर्षं गेटमन होते. कठड्यावर तळहात ठेवून म्हणायचे, "थांब, माल येऊन राहिली." पुनम थांबायची. गाडी गेली, थरथर विरली, की म्हणायचे, "लाइन क्लिअर!"

अकरा रात्री असंच चाललं. मग मृगाशेजारच्या, गुलाबाच्या फुलासारख्या तेजोमेघाचा फोटो घेऊन दोघं त्याच जाणकारांकडे गेले. ते बराच वेळ बघत राहिले.

"किती तास लागले?"

"मामा, तुम्हीच सांगा," पुनम म्हणाली.

"त्र्याण्णव गाड्या," वैजनाथ म्हणाले.