अण्णांचा डिटेक्टिव्ह

माझे वडील, अण्णा, अंधेरीच्या माझ्याच शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवत. हे सगळ्यांना माहीत होतं. पण दर महिन्याला येणाऱ्या ज्या डिटेक्टिव्ह कथामालेवर आमची पार्ल्याची अख्खी चाळ जीव टाकायची, ती अण्णाच लिहितात हे फक्त तिघांना ठाऊक होतं. आईला, मला आणि गिरगावातल्या प्रकाशकाला. पुस्तकावर नाव भलतंच असे.

मला कळलं ते अण्णांच्या अक्षरामुळे. ते छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरला लागत नसे. माझं अक्षर टपोरं, म्हणून तेराव्या वर्षापासून मी त्यांच्या कच्च्या कागदांवरून स्वच्छ प्रत करून द्यायला लागले. पहिल्या दिवशी आईने मला जवळ बसवून सांगितलं, "बाहेर एक अक्षर बोलायचं नाही. शाळेला न विचारता बाहेरचं काम केलं तर नोकरी जाते."

आणि शाळेला विचारणं शक्यच नव्हतं. हेडमास्तरांना असल्या पुस्तकांचा भयंकर तिटकारा. प्रार्थनेनंतर ते त्यावर दहा-दहा मिनिटं बोलत, आणि अण्णा बाकीच्या शिक्षकांच्या रांगेत हात मागे बांधून ऐकत उभे असत.

हल्ली माझी नातवंडं कुठल्या सिनेमाचे किती भाग आले आणि त्यातला कोण शंभर वर्षं टिकेल यावर तावातावाने भांडतात. टिकणं म्हणजे काय ते मी चाळीत पाहिलंय. कथामालेची एक प्रत अकरा खोल्यांतून फिरायची आणि परत येईपर्यंत तिची कापडासारखी लक्तरं झालेली असायची. अण्णांचा डिटेक्टिव्ह खून झालेल्या खोलीत शिरला की म्हणायचा, "आधी दार बघा." ते वाक्य चाळीने उचललं. दूध सांडलं, आधी दार बघा. कुणाची मुलगी रुसली, आधी दार बघा. ज्यांनी पुस्तक कधी हातात धरलं नव्हतं तेही म्हणायचे. अण्णा नळावर बादली भरताना हे ऐकायचे आणि चेहरा कोरा ठेवायचे.

तो शनिवार होता. अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की अण्णा अंधेरीहूनच परस्पर गिरगावात जाणार होते, आणि माझी दोन पानं उतरवायची राहिली होती. मी त्यांना सांगितलंच नाही. मधल्या सुट्टीत पुरी करू म्हणून मी सगळं दप्तरात घातलं, माझी प्रतही आणि त्यांचे कच्चे कागदही.

दुसऱ्या तासाला हेडमास्तर वर्गात आले. "दप्तरं बाकावर ठेवा. उघडा."

माझी प्रत सापडली तर मार बसेल, बाकी काही नाही. पण अण्णांचं अक्षर हेडमास्तर वर्षानुवर्षं उत्तरपत्रिकांवर बघत आले होते. ते पुढच्या रांगेपासून एकेक दप्तर तपासत येत होते. एका मुलाच्या दप्तरातून मागच्या महिन्याचं पुस्तक निघालं, त्याला कान धरून उभं केलं. आमच्या आधी तीन बाक उरले.

शेजारी माझी मैत्रीण बसायची, मरोळच्या गावठाणातली. त्यांची भातशेती होती. रविवारी चर्चमधून आलं की ती घरच्यांना ही कथामाला मोठ्याने वाचून दाखवायची. मी कच्चे कागद बाहेर ओढले, पण लपवायचे कुठे ते सुचेना. तिने ते माझ्या हातातून घेतले, एकदा पाहिलं, फ्रॉकखाली सरकवले आणि त्यांच्यावर बसली. समोर फळ्याकडे बघत राहिली. माझी प्रत मात्र दप्तरातच राहिली.

हेडमास्तरांनी ती काढली. "हे काय? असली पुस्तकं उतरवून काढतेस?"

मी उघडं दप्तर मिटलं.

"मास्तरांना बोलवा." एक मुलगा धावत गेला. अण्णा शेजारच्याच वर्गावर होते. ते दारात आले, माझ्याकडे पाहिलं, मग हेडमास्तरांच्या हातातल्या कागदांकडे. त्यांच्या बोटांना खडू लागलेला होता, तो ते पुसत राहिले.

"तुमच्या मुलीच्या दप्तरात सापडलं, मास्तर. वाचा. वर्गालाही कळू दे मुली काय उतरवतात ते."

अण्णांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. वर्सोव्याच्या खाडीत डिटेक्टिव्हची होडी, हात बांधलेले, तळातून पाणी येतंय. रूक्ष आवाजात, परिपत्रक वाचावं तसं ते वाचत होते. तरी चाळीस मुलं हलेनात. पाणी गुडघ्यापर्यंत आलं. अण्णा पान उलटणार, तेवढ्यात हेडमास्तर म्हणाले, "थांबा."

त्यांनी कागद परत घेतले. पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. मग अगदी हळू, जवळजवळ स्वतःशीच म्हणाले, "हा भाग अजून आलेला नाही."

ते कुणाकुणाला ऐकू गेलं कोण जाणे. ते माझ्या बाकाशीच होते, मला गेलं. अण्णांनाही गेलं. दोघं एकमेकांकडे पाहत उभे राहिले. एकाला कळलं होतं की हा माणूस लिहितो, दुसऱ्याला कळलं होतं की हा माणूस वाचतो.

मग हेडमास्तर वर्गाकडे वळून जोरात म्हणाले, "ही मुलगी स्वतःच गोष्टी रचते म्हणायची! ही अक्कल अभ्यासात दाखव. शाळा सुटेपर्यंत माझ्या ऑफिसबाहेर उभी राहा."

शाळा सुटल्यावर अण्णा आत गेले. दार नीट लागलं नव्हतं, मला ऐकू येत होतं.

"मी काही पाहिलेलं नाही, मास्तर. पण हे असंच्या असं छापून आलं तर चाळीस पोरांना कळेल. त्यांच्या आईबापांना कळेल. मग शाळेच्या मंडळापुढे मी काय सांगू?"

"हा भाग देत नाही," अण्णा म्हणाले.

"पुढचा?"

"पुढचाही नाही," अण्णा म्हणाले.

खुर्ची सरकली. मला वाटलं संपलं. पण हेडमास्तरांचा आवाज एकदम खाली आला. "सुटतो ना तो?"

"सुटतो."

"कसा?"

अण्णांनी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. ते बाहेर आले तेव्हा कागद त्यांच्या हातात नव्हते.

फाटकाशी मैत्रीण थांबली होती. कच्चे कागद तिने डब्याच्या फडक्यात बांधले होते. "घे. आणि मला काही सांगू नकोस. मला सांगितलंस तर माझ्या तोंडून निघेल गं." पुढे शाळेची सगळी वर्षं तिने तो विषय काढला नाही.

गिरगावात न जाता अण्णा माझ्याबरोबर घरी निघाले. मी रडत होते. चाळीच्या जिन्यात ते थांबले आणि म्हणाले, "तुझी चूक नाही. मी वेळेत लिहून द्यायला हवं होतं." आईने दोघांची तोंडं बघूनच ओळखलं आणि ताटं वाढायला घेतली.

मला वाटलं होतं आता कथामाला बंद पडणार. पुढच्या महिन्यात ती वेळेवर आली. टोपणनाव आणि डिटेक्टिव्ह दोन्ही कागदोपत्री प्रकाशकाचे होते, त्याने दुसरा कुणी लिहिता माणूस गाठला. खाडीबिडी काही नव्हतं, डिटेक्टिव्ह खुशाल पुण्यात निघाला होता. चाळीत एकालाही फरक कळला नाही. ते अण्णांना सगळ्यात लागलं असावं. पुस्तक आमच्या खोलीत आलं की ते एका बैठकीत वाचून काढत आणि मिटून शेजारी पाठवून देत.

वर्षाभराने नव्या लेखकाने डिटेक्टिव्हचं लग्न लावलं. चाळ खवळली. अण्णाही खवळले, आणि एका रविवारी त्यांनी साध्या वाचकासारखं स्वतःच्या हाताने प्रकाशकाला पत्र लिहिलं, खाली शेजाऱ्यांचं नाव घालून. या माणसाचा स्वभाव असा नाही, तो असं कधी करणार नाही, अशी चार पानं. आठ दिवसांनी छापील कार्ड आलं. "आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत. लेखकांना कळवले आहे."

आई हसली. अण्णांनी ते कार्ड दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बघू, ऐकतो का."