छाट कुणाच्या घरी जाते

‘छाट’ हा शब्द ऐकला की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते. निपाणीच्या बिडी कारखान्यात दिवसभर वळलेल्या बिड्या आम्ही चेकरपुढे ठेवायचो. तो त्यातल्या मूठमूठ बाजूला काढायचा आणि म्हणायचा, “ही छाट.” छाटीची मजुरी मिळत नसे. बरं, खराब आहेत तर परत द्याव्यात, तेही नाही. त्या कारखान्यातच राहायच्या आणि चांगल्यांबरोबर विकल्या जायच्या. ओढणाऱ्या कुणाला फरक कळला असेल तर त्याला माझ्यापुढे आणावा.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा माझी मुलगी बेळगावच्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षेत तिला स्वतः जोडलेला कॉम्प्युटर चालवून दाखवायचा होता. प्रोसेसर म्हणजे त्याचं हिशेब करणारं डोकं. दिसायला काळं, दोन्ही बाजूंनी पाय असलेलं. एका महागड्या डोक्याऐवजी चार स्वस्त बसवून काम वाटून द्यायचं, असं तिनं ठरवलं होतं.

“एकच चांगला घे की,” मी म्हटलं.

“आई, येगवान एकाच्या किमतीत हळू चार येत्यात.”

“हळू का? करणारा झोपला हुता व्हय?”

“न्हाय गं. निघत्यात सगळे एकाच कारखान्यातनं. मग तपासत्यात. लई येगात जो चुकतो, त्याच्यावर कमी येगाचा शिक्का मारायचा आन् स्वस्तात इकायचा. त्या येगात त्यो कधी चुकत न्हाय.”

“म्हंजे छाट.”

ती हसली. “व्हय, छाटच की.”

मला हसू आलं नाही. “मग करणाऱ्या बायकांची मजुरी कापत्यात?”

“मला काय ठावं?”

“मग शिकतीस तरी काय?”

तिनं बेंगळूरहून चार आणले. चौथा बसूनच राहायला लागला. सगळ्यांना आकडे एकाच ठिकाणाहून उचलायचे होते, त्यामुळे त्याची पाळीच येईना. एका सुपातल्या तंबाखूवर चार बायका बसवल्यासारखं झालं, असं तीच म्हणाली. तिनं तो काढून डबीत ठेवला. आधी तीनच का आणले नाहीस म्हणून मी तिला बोलले, ते वेगळं.

परीक्षेला मी डबा घेऊन गेले. तिचे सर निपाणीचेच, तंबाखूच्या वखारवाल्यांच्या घरातले. त्यांनी वाकून प्रोसेसरवरचा शिक्का वाचला, मग माझ्याकडं बघितलं.

“काय गं, छाट माल लावलास व्हय?”

पोरं हसली. तो शब्द कुणासाठी काढला होता, हे मला न कळायला मी बहिरी नव्हते.

“सर, चालवून बघा,” मुलगी म्हणाली.

वाटून देता येणारं काम तिच्या यंत्रानं कॉलेजच्या महागड्या यंत्राआधी संपवलं. मग सरांनी मुद्दाम वाटता न येणारं काम घातलं. तिथं ते मागं पडलं.

“बघ, म्हणून छाट,” सर म्हणाले.

“सर, तसल्या कामाला मी हे केलंच न्हाय.”

त्यांनी तिला पास केलं, पण काठावर. आम्ही निघताना म्हणाले, “यंत्र इथंच राहू दे. पुढच्या वर्षी पोरांना शिकवायला बरं पडंल.”

तोच चेकर, फक्त पँट घातलेला.

“मास्तर, छाट हाय न्हवं ती?”

“मावशी, तसं न्हाय ते...”

“मग मार्क पुरं द्या. द्यायचं नसलं तर आमची छाट आमच्या घरला जाईल.”

“आई, गप की गं!” मुलगी माझा पदर ओढत होती.

मी गप्प बसले नाही. सर घड्याळ बघत बाहेर गेले. तिनं वायरी सोडवल्या आणि मी ते पाटीएवढं यंत्र डब्याच्या पिशवीत घातलं.

परतीच्या बसमध्ये काकती गाव मागं पडेपर्यंत ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. मग तशीच म्हणाली, “डबीतला चौथा सरांच्या टेबलावरच ऱ्हायला.”

मी कनवटीला खोचलेली ती डबी काढून तिच्या मांडीवर ठेवली.