गाद्यांच्या खोलीत भट्टी

आमच्या घरातले सकाळचे आवाज ठरलेले असतात. कुकरची शिट्टी, खाली दुकानाचं शटर वर जातानाची खडखड, आणि ते वर गेलं की ह्यांची हाक, "चहा पाठवा!" राजारामपुरीत आमचं गाद्यांचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर, आणि घराच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली. तिच्यात तयार गाद्या, लोड, तक्के आणि कापसाची गाठोडी. त्या दिवशी पोह्यांची फोडणी तडतडली, हळद टाकायला डबा उघडला आणि दारावर थाप पडली.

"आले, आले," मी म्हणाले. थाप पुन्हा पडली. "अहो, आले म्हणते ना!" तरी पुन्हा. या खेपेला कडीसुद्धा हलली. गॅस बारीक करून दार उघडलं तर समोर शेजारच्या इमारतीतले आकारामभावजी, हात अजून उगारलेला.

"दार मोडून येणार होता काय?"

"न्हाय, मला वाटलं झोपलाय अजून."

फोडणीचा वास जिन्यापर्यंत गेलेला, आणि हे म्हणतात झोपलाय. मी त्यांना बसवलं, चहा ठेवला, आणि स्वयंपाकघरातूनच विचारलं, "साखर किती घालू?"

"बरी हाय की," बाहेरून उत्तर आलं. "गुडघं दुखत्यात तेवढं."

त्यांना वाटलं मी मालनवहिनींची, त्यांच्या बायकोची, चौकशी केली. साखर अंदाजानं घातली. पण त्यांच्या घरचा टीव्ही अख्ख्या गल्लीला का ऐकू येतो, ते तेव्हा माझ्या नीट लक्षात आलं.

"वैनी, एक काम हाय," कप हातात घेत ते म्हणाले. "तुमची गाद्यांची खोली पायजे."

"झोपायला?"

"वाजवायला."

आकारामभावजींची सगळी नोकरी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत गेली. ओतून थंड झालेल्या लोखंडावरची वाळू हातोड्यानं ठोकून पाडायची, कडा मशीनवर घासायच्या. कानात घालायला बोळे मिळायचे, ते कुणी घालत नसे. बोळे घातले की सोबत्यानं मारलेला टोमणा ऐकू येत नाही, आणि टोमण्याशिवाय पाळी सरत नाही. तिथंच जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या पिंपावर हात चालवता चालवता त्यांना दोघं मिळाले. स्टोअरमधले संगमेश, ते गिटार शिकत होते. आणि मालकांच्या ओळखीतले धैर्यशील, कॉलेज बुडवून गाणारे. तिघांनी बँड काढला आणि नाव ठेवलं 'भट्टी'.

मी कॉलेजात असताना 'भट्टी' ऐकलाय. ऐकलाय म्हणण्यापेक्षा सोसलाय. गॅदरिंगला त्यांचा कार्यक्रम असला की छातीत धडधडायचं आणि ती धडधड आपली की ड्रमची हे कळायचं नाही. मागं ड्रमवर केस उडवत बसलेला तो बारका माणूस उद्या आपला शेजारी होणार आहे, हे कुणाला माहीत? 'शिफ्ट सुटली' हे त्यांचं गाजलेलं गाणं. पहिली ओळ सगळं मैदान ओरडायचं. पुढचे शब्द कुणाला ठाऊक नव्हते आणि कुणाचं अडतही नव्हतं. कॅसेट निघाली, स्टँडवरच्या टपऱ्यांतून विकली गेली. मग मंडळांनी डीजे आणले. धैर्यशीलरावांनी मंगल कार्यालय काढलं, संगमेशअण्णा शिरोळला खताच्या दुकानात बसले, आणि आकारामभावजींचा ड्रमसेट माळ्यावर गेला. मालनवहिनी त्याला म्हणतात 'माझी सवत'.

गेल्या वर्षी शिरोळकडच्या कुणा ट्रॅक्टरवाल्या पोरांनी ते जुनं गाणं आपल्या व्हिडिओला लावलं आणि ते फोनाफोनातून फिरलं. धैर्यशीलरावांची मुलगी अनुजा पुण्यात गाणी रेकॉर्ड करायचं काम करते. ती म्हणाली, बाबा, ही गाणी परत करू या. पण साधी. विजेची गिटार नको, ड्रमसेट नको. घरात बसून म्हणतात तशी.

"आणि मंगल कार्यालयात आवाज घुमतोय," भावजी सांगत होते. "जिथं आवाज भिंतीला लागणार न्हाय अशी खोली पायजे म्हणाली. मी म्हटलं, हाय माझ्याकडं."

"तुमच्याकडं?"

"तुमची हो. पण माझ्या शब्दातली."

"पण ड्रम नको म्हणतात, मग तुम्ही काय वाजवणार?"

हा प्रश्न मात्र त्यांना ऐकू आला. कपातल्या चहाकडं बघत म्हणाले, "धैर्या म्हणाला, बघू. आता बघू म्हणजे काय, ते कळतंय की मला. म्हणून तर खोली मी देतो म्हटलं. जागा ज्याच्या शब्दानं मिळाली, त्याला बाहेर कसं काढतील?"

ह्यांनी थोडी कुरकुर केली, कारण रेकॉर्डिंग चालू असेल तेव्हा कापूस पिंजायचं मशीन बंद ठेवावं लागणार होतं. पण कुरकुर संपल्यावर स्वतःच गाद्या भिंतींना उभ्या करून दिल्या.

रेकॉर्डिंगला येताना अनुजानं आकारामभावजींसाठी एक लाकडी पेटी आणली होती. तिच्यावर बसायचं आणि पायांमधून हात घालून तिच्याच अंगावर वाजवायचं.

"ही चहाची पेटी कुठनं उचललीस गं?"

"काका, वाजवून तरी बघा."

वाजवली, तर छान घुमली. त्यांचा चेहरा खुलला. पण मग अनुजा म्हणाली, "हळू." थोड्या वेळानं, "अजून हळू, काका." तिनं हेडफोन दिले. ते म्हणाले, आवाज वाढव. तिनं वाढवला. अजून वाढव. शेवटी हेडफोनमधलं गाणं त्यांच्याच माइकमध्ये उतरायला लागलं, तेव्हा तिनं हसत ते काढून घेतले. "तुम्ही रॉकवाले सगळे सारखेच. राहू दे. समोरासमोर बसा, एकमेकांचं ऐकत वाजवा."

एकमेकांचं ऐकत. मी दाराशी बसून उशांच्या खोळींना टाके घालत होते. हलायचं नाही, बांगडी वाजवायची नाही, या अटीवर. सुई थांबली माझी.

धैर्यशीलरावांचा आवाज आता खाली उतरलाय, त्याला थोडी खरखर आलीय. त्यांनी सावकाश सुरुवात केली, "शिफ्ट सुटली, शिफ्ट सुटली, घरी जायाची वाट कुठली..." इतक्या वर्षांत ती दुसरी ओळ मी पहिल्यांदा ऐकली. आम्ही ज्याच्यावर नाचलो ते गाणं दमलेल्या माणसाचं होतं तर. संगमेशअण्णांची गिटार त्याच्या मागून पाण्यासारखी चालली होती. आणि आकारामभावजी कधी दोघांच्या पुढं पळत होते, कधी मागं रेंगाळत होते.

"आक्या, कुणाच्या वरातीत चाललायस? आम्ही हिकडं हाय," धैर्यशीलराव म्हणायचे.

"माझी पेटी नवी हाय, तुझा गळा जुना. मी काय करू?" भावजी परतवायचे. सगळे हसायचे. पुन्हा सुरुवात. पुन्हा तेच.

एकदा एक कडवं बरं जमत आलं होतं आणि खाली दुकानातल्या गड्यानं न कळून पिंजायचं मशीन सुरू केलं. घर्रर्र! अनुजानं कपाळाला हात लावला, गिटार थांबली, गाणं थांबलं. आकारामभावजी खाली मान घालून वाजवतच राहिले. शांतपणे, एकटेच.

"बघ, ह्याला म्हणतात तंद्री," धैर्यशीलराव हसले आणि त्यांच्या खांद्यावर थाप मारली. भावजींनी दचकून वर बघितलं, सगळ्यांचे चेहरे न्याहाळले, आणि मग त्यांच्याबरोबर हसले. कशाला हसतोय हे त्यांना माहीत नव्हतं. मी खोळ घडी केली आणि चहा करायला उठले.

चहा घेऊन आले तर धैर्यशीलराव आणि संगमेशअण्णा जिन्यात उभे. धैर्यशीलराव हळू बोलत होते, "तुझी गिटार आणि मी, बास हाय की. अनुजाबी तेच म्हणालीय. आक्याला फोटोत घेऊ. नाव घालू."

"फोटोत घेऊन काय करायचं री? आरती ओवाळायची त्याची?" संगमेशअण्णा बोलतात तेव्हा मराठीला मधून मधून कानडी शेपूट लागतं. "तूच सांग त्याला. मला न्हाय जमायचं."

"सांगतो की. उद्या सांगतो. जित्राब न्हाय ते हाकलायला, दोस्त हाय. सांगायला जड जातंयच."

दुसऱ्या दिवशी मी बघत होते ती त्यांच्या हातांकडं नव्हे, खाली. संगमेशअण्णांना अनवाणी पायानं ठेका धरायची सवय आहे. उजव्या पायाचा पंजा फरशीवर सारखा उठतो-बसतो. आणि पेटीवर बसलेल्या आकारामभावजींचा पाय हळूहळू, जसा काही आपल्याच नादात, त्या पायाकडं सरकत होता. सरकत सरकत करंगळीला करंगळी टेकली. त्या क्षणापासून पेटी गाण्यात बसली. अशी बसली की अनुजानं डोळे मिटले.

मग संगमेशअण्णांना स्पर्श कळला. "शिव शिव," ते पुटपुटले. पाय झटकन मागं, हात भावजींच्या गुडघ्याला आणि तोच हात स्वतःच्या छातीला. वयानं मोठ्या माणसाला आपला पाय लागला, घरचं वळण तसं. गिटारची तार तुटक वाजली. गाणं मोडलं.

पुन्हा सुरुवात केली. पुन्हा पाय सरकला, पुन्हा टेकला, पुन्हा "शिव शिव" आणि नमस्कार. शेवटी बिचाऱ्या अण्णांनी दोन्ही पाय खुर्चीखाली दुमडून घेतले. आणि पेटी पुन्हा वाट चुकली.

"थांबूया जरा," अनुजा म्हणाली. तिच्या आवाजात आता हसू नव्हतं. संध्याकाळच्या गाडीनं तिला पुण्याला परतायचं होतं.

भावजी जिन्याच्या पायरीवर येऊन बसले. मी चहा दिला आणि त्यांच्या उजव्या बाजूला वाकून, जरा मोठ्यानं म्हणाले, "भावजी, पाय मी बघितला."

त्यांनी कप पायरीवर ठेवला. मग खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत कानाचं मशीन.

"लेकानं आणून दिलंय. घातलं की संग्याची गिटार पत्र्यावर उंदीर पळाल्यागत वाजतीया. म्हणून खिशात." त्यांनी पुरचुंडी पुन्हा बांधली. "आदी मोठ्यानं वाजवायचो वैनी, तवा ऐकायची गरजच न्हवती. पोटात लागायचं सगळं. आता ह्यांनी हळू केलं आणि मी उघडा पडलो."

"सांगा की त्यांना."

"सांगितलं तर धैर्या रडंल. रडून झालं की मला गाळंल." चहा तसाच निवत होता. "न्हाय गाळलं तरी... दमलोय वैनी. वाजवून न्हाय. ऐकू येतंय असं तोंड करून दमलोय. घरात तेच, लग्नात तेच, देवळात तेच. बाकीचे हसले की हसायचं. ही दोन माणसं सोडली तर आता कुणाबरोबर वाजवणार? आणि त्यांच्यातबी तोंड सांभाळूनच बसायचं म्हटल्यावर..."

बोलणं अर्धं टाकून ते उठले. गुडघ्यावर हात दाबून, एकेक पायरी.

आत 'शिफ्ट सुटली' तेवढं राहिलं होतं. धैर्यशीलरावांनी घसा खाकरला. ते फरशीकडं बघत बोलले, म्हणजे भावजींना ओठही दिसत नव्हते. "आक्या, ह्या गाण्याला तू जरा बाजूला बस. नुसतं ऐक."

भावजींनी संगमेशअण्णांकडं बघितलं. अण्णांनी मान फिरवली. त्या फिरवलेल्या मानेवरून त्यांना सगळं कळलं असावं. ते पेटीवरून उठले नाहीत. खिशातून पुरचुंडी काढली, सोडली आणि मशीन समोरच्या गादीवर ठेवलं.

"हे काय?" धैर्यशीलरावांनी विचारलं.

"कान."

"कुणाचा?"

"माझा. थोडा फौंड्रीनं घेतला, थोडा तू. शेजारी बसून वरडलायस किती!"

कुणी हसलं नाही. धैर्यशीलराव मशीनकडं बघत राहिले, मग खाली बसले, भावजींच्या समोर, तोंड त्यांच्या तोंडासमोर येईल असे. "काल ते खालचं मशीन सुरू झालं तवा..."

"व्हय."

"आणि मी तंद्री म्हटलो."

"बरं म्हटलास. वरातीपेक्षा बरं."

अनुजानं डोळे पुसले. धैर्यशीलरावांनी हाताच्या खुणेनंच विचारलं, मग आता कसं करायचं?

भावजींनी पेटी थोडी पुढं ओढली, संगमेशअण्णांच्या खुर्चीजवळ. पाय पुढं सरकवून फरशीवर ठेवला.

"तू म्हण हळू, तुला पायजे तेवढं. पोरी, तू तुझं यंत्र लाव." मग ते अण्णांकडं वळले. "संग्या, माझा पाय लागला तर काढून घेऊ नको. आणि नमस्कार करू नको."