गुरुंग सुट्टीवर होता

आमच्या बोरी बुद्रुकमध्ये कुणी काही जिंकून आला, की हवालदारनाना त्याचं अभिनंदन करत नसत. ते एवढंच विचारत, "कुनाला पाडलं?" पेढ्यांचा पुडा घेऊन आलेला माणूस या प्रश्नासमोर उभ्या उभ्या लहान होत जाई. निवडणूक जिंकलेला सरपंच असो, की शर्यतीच्या घाटात पहिला आलेला बैलगाड्याचा मालक असो, नाना पेढा तोंडात टाकत, चवीनं संपवत आणि म्हणत, "पेढा दुकानातबी मिळतो राव. समोर कोन व्हतं ते सांग." सरपंचासमोर उभ्या राहिलेल्या माणसानं अर्ज मागे घेतला होता, हे साऱ्या गावाला ठाऊक असे. पण ते तोंडावर विचारणारे नाना एकटेच.

नाना सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पलटणीत बॉक्सिंग खेळत. नाक डावीकडे कललेलं, आणि बोलताना डोकं किंचित मागे घेण्याची सवय, जणू समोरचा कधीही ठोसा मारील. पलटणीतल्या स्पर्धेचा एक कप त्यांच्याकडे होता. तो कपाटात नव्हता, अंगणात होता. त्यातून कोंबड्या पाणी प्यायच्या. कुणी विचारलंच तर म्हणत, "तेवढीच लायकी हाये त्याची." आम्हाला तो साधेपणा वाटे.

माझी त्यांच्याशी जवळीक झाली ती इंग्रजीमुळे. नव्वदच्या दशकात आळेफाट्याला एका मारवाडी शेटजींच्या दुकानात विकायला ठेवलेल्या टीव्हीवर परदेशी बॉक्सिंग दिसे. रविवारी नाना तिथे स्टूल टाकून बसत. शेटजी रद्दीतून खेळांची इंग्रजी मासिकं त्यांच्यासाठी बाजूला ठेवत आणि ती मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा बी.ए.ला होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कुणाला तरी माझ्या इंग्रजीचा उपयोग होतोय, याचंच मला अप्रूप होतं.

एकदा मासिकात दोन विजेत्यांच्या आजवरच्या लढती फोटोंसह आल्या होत्या, एकाची चड्डी लाल, दुसऱ्याची काळी. लाल चड्डीवाला एकदाही हरलेला नव्हता. काळ्या चड्डीवाला पाच वेळा हरलेला. शेटजी लाल चड्डीवाल्याचे भक्त. ते म्हणाले, "अहो हवालदार, जो कधी हरलाच नाही, त्याच्याहून मोठा कोण?"

"शेटजी," नाना म्हणाले, "तुमी तरी कुटं हरलाय बॉक्सिंगमधी?"

गिऱ्हाइकंसुद्धा हसली. मग नानांनी मला एकेक प्रतिस्पर्धी वाचायला लावला. "वय?" अडतीस. "म्हातारा. काढ." पुढचा? आधीच्या तीन लढती हरून आलेला. "मार खाऊन आलेल्याला मारला. काढ." पुढचा? पहिल्यांदाच दहा राउंडची लढत खेळणारा. "पोरगं हाये ते, काढ." असं काढता काढता लाल चड्डीवाल्याच्या तीसेक विजयांतून सहा उरले. काळ्या चड्डीवाल्याच्या यादीतही काटछाट झाली, पण त्याचे चौदा उरले, आणि ज्यांच्याकडून तो हरला होता ते पाचही नानांनी ठेवून घेतले. "हे पाच बग. यांच्यासमोर उभं ऱ्हायला लाल चड्डीवाला कंदी गेला का? मॅनेजरनं शेळ्या निवडून दिल्या, यानं कापल्या. याला खाटीक म्हंत्यात, चॅम्पियन न्हाई." शेटजींनी रागानं टीव्ही बंद केला. पुढच्या रविवारी मात्र मासिक बाजूला ठेवलेलं होतं.

बी.ए.ला मी माझ्या विषयात कॉलेजात पहिला आलो. आईनं देवापुढे साखर ठेवली, वडील गल्लीभर सांगत सुटले. मी साखर घेऊन नानांकडे गेलो. प्रश्न माहीत होता, तरी गेलो.

"किती जन व्हते?"

"अकरा."

"पास किती?"

"चार."

"म्हंजे तिघांना पाडलं. त्यातल्या एकाची एस.टी. चुकली, पेपर अर्धा ऱ्हायला, तूच सांगितलंस. ऱ्हायले दोन." त्यांनी साखर तोंडात टाकली. "ग्वाड हाये."

त्या दिवशी मला त्यांचा संताप आला. आठ दिवस मी तिकडे फिरकलो नाही. नवव्या दिवशी पुण्याला एम.ए.चा अर्ज भरायला गेलो, तो त्याच संतापात. तिथे वर्गात माझा नंबर सतरावा आला. सुट्टीत येऊन मान खाली घालून सांगितलं, तर नाना सरसावून बसले. "कुनाकडून हरलास? नावं सांग." मी सोळाच्या सोळा नावं सांगितली, कोण काय वाचतो, कोण कसं लिहितो तेही. ते शेवटपर्यंत मान डोलवत राहिले. मग आत वळून म्हणाले, "चहा टाक. प्वार खेळून आलंय."

आतून त्यांच्या पत्नी पारूकाकू म्हणाल्या, "दूध न्हाई. सकाळी सांगितलं व्हतं आना म्हून." नाना मुकाट उठून तांब्या घेऊन दुधाला गेले. साऱ्या गावाला प्रश्न विचारणारा हा माणूस काकूंना कधीच काही विचारत नसे.

पुढे गावात व्यायामशाळा झाली. उद्घाटनाला नानांचा सत्कार ठरला आणि मानपत्र लिहायचं काम गावातला शिकलेला म्हणून माझ्याकडे आलं. मी ते जीव ओतून लिहिलं. दोन दिवस तालुक्याच्या वाचनालयात बसून भारदस्त शब्द गोळा केले. आज ते आठवलं तरी कान तापतात. भरल्या मांडवात मी वाचू लागलो, "आपल्या वज्रमुठीने अनेक बलाढ्य मुष्टियोद्ध्यांना धूळ चारून आपण..."

"थांब," नाना म्हणाले. "कुनाला?"

माईक चालू होता. मांडव हसला. मी म्हणालो, "म्हणजे, एकंदरीत..."

"एकंदरीत कोन? नाव वाच."

माझ्याकडे नाव नव्हतं. इतक्या वर्षांत मी ते विचारलंच नव्हतं. नानांनी माईक घेतला. "पावणं, चार जनांना पाडलं. पयला शिंदे, लंगरातला आचारी. कंपनीला कोन मिळंना म्हून उभा केल्याला. दुसरा यादव, अंगात ताप. तिसरा पांडे, त्याचा पाय घसरला, मी बगत व्हतो. चौथा जोसेफ, त्यो खरा. घासून पॉइंटवर घेतला. आन् कप मिळाला त्या साली गुरुंग सुट्टीवर व्हता. आदल्या दोन्ही साली त्यानंच मला झोपवला." मग माझ्याकडे वळून, माईकपासून तोंड बाजूला घेऊन म्हणाले, "दुसऱ्यांचं खोटं काढायला तुला बसवला, आन् माझ्यात तूच भर घातलीस." शाल खुर्चीवर ठेवून ते मांडवाबाहेर गेले.

दोन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. पुण्यात सोळा जणांकडून हरल्याचं त्या चहानंतर मला कधी वाईट वाटलं नाही, हे मात्र सहन होईना. शेवटी मी मानपत्र पुन्हा लिहिलं. वज्रमूठ काढली, धूळ काढली. खाली दोन याद्या केल्या, "यांना पाडलं" आणि "यांनी पाडलं". दुसऱ्या यादीत एकच नाव. अंगणात उभं राहून वाचून दाखवलं. "कप मिळाला त्या वर्षी नायक गुरुंग सुट्टीवर होता," या वाक्याला नानांनी डोळे मिटले. "आता बराबर," म्हणाले. ते मानपत्र त्यांनी काचेत घालून भिंतीवर लावलं.

काही वर्षांनी नाना गेले. तोवर मी कॉलेजात शिकवू लागलो होतो. दशक्रियेला नदीकाठी नेहमीप्रमाणे भाषणं झाली. आमच्याकडे मेलेला माणूस दहाव्या दिवशी फार मोठा होतो. एका पुढाऱ्यानं नानांना आंतरराष्ट्रीय केलं. दुसऱ्यानं त्यांच्या एका ठोशात बैल बसवला. माझं नाव पुकारलं, तेव्हा मी सकाळीच काकूंना विचारून काचेतून काढून आणलेला कागद उघडला आणि होता तसा वाचला. आचारी, ताप, घसरलेला पाय, जोसेफ, गुरुंग.

"अहो सर," पुढारी पुढच्या रांगेतून म्हणाले, "आजच्या दिवशी तरी माणसाची लाज काढू नका."

बायकांच्या घोळक्यातून काकूंचा आवाज आला, कोरडा आणि स्पष्ट. "बसा तुमी. बराबर वाचलंय त्यानं. फकस्त एक नाव ऱ्हायलंय."

सगळे तिकडे पाहू लागले.

"चाळीस वर्सं माज्याशी खेळलं ते. एकदाबी जिंकलं न्हाईत. ल्ही."

कुणी हसलं नाही. मी खिशातलं पेन काढलं. गुरुंगच्या खाली जागा होती.